अकराव्या मजल्यावरचं बिऱ्हाड

९ मार्च

मला दैनंदिनी लिहायची सवय नाही. आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळण्यात गेलं. स्वतःचं लिहायला बसलं की हात अवघडतो. पण आज जे पाहिलं ते पोटात ठेवणं अशक्य आहे, आणि सांगावं तर घरात कुणाला? नवरा पुलाच्या कामावर, दोन-तीन आठवड्यांनी घरी येतो. फोनवर त्याला खांबांपलीकडचं काही ऐकू येत नाही. राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी उभी हयात मोठ्या इस्पितळात काढली, बरीच वर्षं वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या. त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. आमचं भांडण वगैरे नाही. भांडायला लागते तेवढी जवळीकच कधी झाली नाही.

तर झालं असं. आमच्या ग्रंथालयाच्या अकराव्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड आहेत. तिथे वाचक सोडाच, झाडूसुद्धा क्वचित फिरतो. सफाईच्या मावशी तक्रार घेऊन आल्या की टोकाच्या खिडकीबाहेर कुणीतरी कबुतरांची मुंडकी टाकतंय. मी वर गेले. खिडकीबाहेर रुंद कट्टा आहे, त्यावर वर्षानुवर्षांची खडी आणि माती साठलेली. आणि त्या कट्ट्यावर, काचेला लागून, ती बसली होती.

पाठ पाटीसारखी करडी. छातीवर आडव्या बारीक रेघा. डोळ्याखालून गालावर उतरलेला काळा ओघळ. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आजवर पुष्कळांनी माझ्याकडे पाहिलं आहे, कौतुकाने पाहिलं, रागाने पाहिलं, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी मी भिंत होते.

जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे एक जुने वाचक आहेत, सगळे त्यांना पक्षीमास्तर म्हणतात. त्यांना फोन केला. ते धापा टाकत वर आले, पाहिलं, आणि आधी पायातल्या चपला काढल्या. मग कुजबुजत म्हणाले, "बहिरी ससाणा. मादी आहे. बाई, हिच्याहून वेगाने जाणारा जीव पृथ्वीवर नाही. आणि ती तुमच्याकडे बिऱ्हाड करतेय."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "खिडकी घट्ट लावून घे म्हणजे झालं."

२२ मार्च

तीन अंडी. विटकरी रंगाची, ठिपक्यांची.

ग्रंथालयाच्या मोठ्या साहेबांना मी गळ घातली आणि त्यांनी कॅमेऱ्याला परवानगी दिली. म्हणाले, पुस्तकांसाठी लोक येत नाहीत, पाखरासाठी तरी येतील. कॅमेरा काचेच्या आतून लावला, खिडकीला तपकिरी कागद चिकटवला आणि बघायला एक फट ठेवली. आता जगात कुठूनही कुणालाही आमचा कट्टा दिवसभर दिसतो. पहिल्या दिवशी चौदा जण बघत होते. त्यातली एक मी आणि एक मास्तर.

आज एक गोष्ट पाहिली. अंड्यांवर बसायला येताना ती पंजे मिटून घेते. ज्या नखांनी ती हवेतल्या हवेत कबुतर फाडते, ती नखं आत दुमडून, मुठी करून, म्हाताऱ्या बाईसारखी डुलत डुलत अंड्यांपर्यंत येते. मी मास्तरांना विचारलं, हे तिला कुणी शिकवलं? ते म्हणाले, मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर मला कुणी शिकवलं नाही.

८ एप्रिल

नर एवढासा, तिच्या दोनतृतीयांश. तो शिकार आणतो, ती हवेतच त्याच्याकडून हिसकावून घेते आणि वर ओरडते. लोकांनी त्यांची नावं ठेवली आहेत: बाईसाहेब आणि धनी. कॉमेंट वाचून हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. कुणी लिहितं, धनी आज पुन्हा रिकाम्या हाताने आले, आता जेवण नाही. कुणी आजारी आहे, अंथरुणातून बघतं. कुणी परदेशात पहाटे उठून बघतं. 'रानवाट' नावाने लिहिणारा एक जण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असतो: "उठलात का, बाळराजे?" अजून अंडी आहेत, तरी त्याचे ते बाळराजेच. दिवस त्याच्या वाक्याने सुरू झाला की बरं वाटतं.

बघणाऱ्यांचा आकडा आता मला कळेनासा झालाय. ग्रंथालयाच्या सबंध इतिहासात एवढी माणसं आमच्या दारात आली नसतील.

२६ एप्रिल

दोन पिल्लं परवा निघाली, तिसरं आज.

अंड्याला तडा गेल्यापासून मी दोन दिवस त्या फटीशीच होते. आतून टकटक. थांबतं. पुन्हा टकटक. बाईसाहेब मान वाकडी करून ऐकत होती आणि आतल्या जिवाशी हळू आवाजात बोलत होती. आवाज काचेतून येत नव्हता, पण चोच हलताना दिसत होती. मग कवचाची टोपी उडाली आणि ओल्या कापसासारखं काहीतरी बाहेर पडलं, त्याला स्वतःची मान पेलत नव्हती. मास्तरांनी चष्मा पुसला. सफाईच्या मावशींनी हात जोडले. मला मात्र उगाच धाक वाटला, मोठ्या माणसांच्या बैठकीत न बोलावता शिरल्यासारखा.

तिसरं फार लहान आहे. लोकांनी त्याचं नाव ठिपका ठेवलं. रानवाटने लिहिलंय, "ठिपक्या, मागून आलास तरी तू माझा बाळराजा."

३ मे

ठिपक्याला खायला मिळत नाही. घास दिसला की मोठी दोघं त्याच्या डोक्यावरून पुढे होतात. उघडलेली चोच तिला दिसते, आणि सगळ्यात उंच उघडलेली चोच आधी दिसते, असं मास्तर सांगतात. गेले तीन दिवस अवकाळी पावसाचा गार वारा सुटलाय आणि धन्याला शिकार कमी मिळतेय.

कॉमेंटचा सूर बदललाय. खिडकी उघडा, त्याला उचला, तुम्हाला हात नाहीत का. मी मास्तरांना विचारलं, वन्यजीव खात्याला लिहिलं. दोघांचं उत्तर एक. खिडकी उघडली तर ती उडेल, घाबरली तर लवकर परत येणार नाही, आणि या गारठ्यात उरलेली दोन्ही जातील. एकाला वाचवायला जाऊन तिघं घालवू. मी हे सगळं लिहून ग्रंथालयाच्या ऑनलाइन पानावर टाकलं. वाचलं किती जणांनी, देव जाणे.

सासूबाईंनी आज पहिल्यांदा विचारलं, "लहानगं कसं आहे?" मी म्हटलं, जाईल असं वाटतंय. "तू जेवलीस का?" म्हणाल्या.

५ मे

ठिपका सकाळी गेला.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. बाईसाहेबाने त्याला चोचीने हलवून पाहिलं. एकदा, दोनदा. बराच वेळ ती त्याच्या बाजूला उभी राहिली. मग तिने त्याला फाडलं आणि बारीक घास करून उरलेल्या दोघांना भरवलं, रोज भरवते तसं, तितक्याच निगुतीने. काहीही वाया घालवलं नाही.

मी फटीपाशी उभी होते. मला किळस आली नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. भीती वाटली, पण तिची नाही. एवढा मोठा कायदा इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता, आणि त्यात माझ्या मताला जागा नव्हती. मास्तर म्हणाले, कॅमेरा बंद करायचा का? मी नको म्हटलं. तिने काही लपवलं नाही, मी कोण झाकणारी?

६ मे

कॅमेरा बंद केला असता तर बरं झालं असतं का, हेच दिवसभर डोक्यात.

हजारो कॉमेंट. रडणारे आहेत, समजून घेणारे आहेत. पण बाकीचे! खुनी. दगड. ग्रंथालयाच्या पानावर माझं नाव आणि हुद्दा आहेच, ते शोधून काढायला कष्ट पडले नाहीत. 'तुला त्याच कट्ट्यावरून ढकलायला हवं.' 'तुझी मुलं अशीच मरोत.' मला मूल नाही. ते वाचून मी चहा केला आणि प्यायला विसरले.

आणि रानवाट. आज सकाळी 'उठलात का' नव्हतं. दुपारी मला वेगळा निरोप आला: "तू काचेमागे उभी राहून बघत राहिलीस. आता मी तुला बघत राहीन. तू बसथांब्यावर केव्हा उभी असतेस ते मला ठाऊक आहे."

शिव्या देणारे परके होते. याचा तर मी रोज सकाळी आवाज ऐकत होते. बाळराजे म्हणणारं तोंड आणि हे तोंड एकच. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ससाणीने पिल्लू फाडलं ते मला समजलं, हे समजत नाही.

८ मे

कुणीतरी आमच्या इमारतीच्या दाराचं छायाचित्र टाकलं. खाली पत्ता आणि घरचा फोन नंबर. त्याखाली एकाने लिहिलं, जवळच राहतो, जाऊन येतो.

नवरा रात्रीची बस पकडून सकाळी दारात. डोळे लाल. म्हणाला, रजा टाक, आपण तिकडे कामावरच्या खोलीत राहू. मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "ती काही करून बसलेली नाही, ती कुठेही जाणार नाही. तू पूल बांध." मला वाटलं, मुलाच्या कामाची काळजी. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

९ मे

पोलिसांच्या संगणक-गुन्हे विभागात गेले. तिथल्या बाई माझ्याहून लहान, शांत, केस घट्ट बांधलेले. सगळे निरोप त्यांनी स्वतः वाचले, एकही वाक्य वगळलं नाही. माझ्यासमोर ते वाचले जाताना मला उघडं पडल्यासारखं झालं, पण नंतर हलकंही वाटलं. दाराच्या छायाचित्राचा उलगडा तिथेच झाला: खालच्या मजल्यावरचं घर विकायला काढलं होतं, त्या जुन्या जाहिरातीतलं ते. इथे कुणी आलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "बहुतेकांचं शौर्य बोटांच्या टोकांपुरतं असतं. जे नेमकं बोलतात त्यांच्याकडे मात्र आम्ही लक्ष देतो. हा रानवाट नेमकं बोलतोय. वेळ लागेल, पण सापडेल."

मोठे साहेब कॅमेरा बंद करा म्हणाले. मी म्हटलं, उरलेल्या दोघांना उडताना लोकांनी पाहिलं नाही, तर त्यांच्या लक्षात फक्त ठिपका राहील. ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. मग म्हणाले, बाई, निर्णय तुमचा, पण दरवाजावर पहारेकरी माझा.

१२ मे

सासूबाईंचं वय झालं हे आता जाणवायला लागलंय. गुडघे धरतात म्हणून रोज माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत येतात, बस सुटेपर्यंत उभ्या राहतात. आभाळ लख्ख असलं तरी हातात ती मोठी लोखंडी दांड्याची छत्री. संध्याकाळी परत येते तर थांब्यावर हजर; म्हणतात, घरात कोंडल्यासारखं होतं. आजवर कधी झालं नव्हतं. खुर्चीही त्यांनी खिडकीपासून हलवून दाराशी नेली, तिथे बसून मटार सोलतात. मी म्हटलं, आई, तिथे उजेड नाही. म्हणाल्या, "उजेड काय करायचाय, मटार कुठे पळतात."

डॉक्टरांना दाखवायला हवं.

१५ मे

पिल्लांना पिसं फुटायला लागली आहेत. पांढऱ्या कापसातून काळी टोकं. कॉमेंट मी आता वाचत नाही. पोलीसबाईंनी सांगितलंय, साठवा, वाचू नका. तरी नजर जातेच. एका बाईंनी लिहिलं होतं, 'माझं बाळ गेलं तेव्हा सगळ्यांनी तोंडं फिरवली. तुम्ही कॅमेरा फिरवला नाहीत.' एवढंच. त्या शंभर शिव्यांपेक्षा जड होतं, उचलून ठेवायला जागा सापडेना.

हल्ली घरच्या फोनवर चुकीचे नंबर फार लागतात. रोज दुपारी एक तरी. मी रजेवर घरी होते म्हणून कळलं. फोन वाजला की सासूबाई माझ्याआधी उठतात. आज उचलून बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "झालं बोलून? आता मी बोलते. झोप येत नाही का तुला?" फोन ठेवल्यावर मी विचारलं, कोण होतं? "रॉंग नंबर."

चुकीच्या नंबरशी एवढं काय बोलायचं? एकटेपणा असणार. दिवसभर घरात कुणी नाही. मी कधी विचारच केला नाही.

१९ मे

भीतीचं आता माझ्यात घर झालंय. बसमध्ये कुणी दोनदा पाहिलं की मी जागा बदलते. पण अकराव्या मजल्यावर गेलं की विसरते. आज बाईसाहेबाने समोरच्या इमारतीच्या टोकावरून सूर मारला. पंख मिटले आणि ती आभाळातून निखळली, पडली म्हणावं इतकी सरळ. खाली कबुतरांचा थवा फुटला. मला काही दिसलंच नाही, नुसती हवेत एक रेघ आणि मग तरंगत खाली येणारी चार पिसं. माझ्यामागे उभा असलेला पहारेकरी म्हणाला, "बाई, आपण नोकरी कुठे करतो हे मला आज कळलं."

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई फोनवर. "गोळ्या कधीपासून बंद केल्यास? कुणी सांगितलं बंद करायला? ... नाही, ते मला पटत नाही. तिला घाबरवून तुला झोप लागली का? लागली नाही ना." मला पाहून आवाज खाली आणला. इस्पितळातल्या ओळखीची मंडळी अजून सल्ले विचारत असणार. या वयातही लोकांना त्यांची गरज आहे, हे पाहून जरा हेवाच वाटला.

२४ मे

मी पानावर एक निवेदन टाकलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं: ठिपक्याला मी वाचवू शकले नाही. वाचवायला गेले असते तर दुसऱ्या दोघांना मारलं असतं. मला याचं दुःख आहे, पश्चात्ताप नाही. मी रोज सकाळी कामावर येते आणि येत राहीन. ज्यांना मला काही सांगायचं आहे त्यांनी दिवसाउजेडी, नावानिशी, ग्रंथालयाच्या दारातून यावं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. असं मी त्यांना आजवर काहीच वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. "हे खरं का? कुणी दारातून आलं तर भेटशील?" मी म्हटलं, लिहिलंय म्हणजे भेटायलाच हवं. त्यांनी मान हलवली, आणि गरज नसताना माझ्या ताटात वाढलं.

३० मे

रानवाट नाहीसा झाला. खातंच बंद. आधीचे सगळे निरोपही पुसले, पण माझ्याकडे ते साठवलेले आहेत. पोलीसबाईंना कळवलं, तर म्हणाल्या, आमची नोटीस निघायचीच होती. आधीच सुगावा लागला असेल. बाकीचेही आटलेत. दुसऱ्या कुठल्या तरी माणसावर तुटून पडले असतील. मला सुटका वाटायला हवी, वाटते आहे ती नुसती पोकळी. वादळ आलं कुठून, गेलं कुठे, कुणाचा चेहरा दिसला नाही.

चुकीचे नंबरही थांबले. सासूबाई मात्र दोन दुपारी बाहेर जाऊन आल्या. कुठे, ते सांगितलं नाही. गुडघ्यांचं नाव नाही.

२ जून

पोलीसबाईंचा फोन. रानवाट त्याच्या भागातल्या चौकीत स्वतःहून हजर झाला. पन्नाशीचा, एकटा राहणारा, बायको वारली त्याला दोन वर्षं. दिवसभर तो कट्टाच बघत बसायचा. सगळं लेखी दिलं, काही नाकारलं नाही. पुन्हा संपर्क करणार नाही अशी हमी दिली, उपचार सुरू केल्याचा कागद जोडला. मला पुढे खटला चालवायचा असेल तर दार उघडं आहे. म्हणाल्या, "सोबत एक वयस्कर बाई होत्या, आई असावी. तो अडला की त्या म्हणायच्या, पुढचंही सांग. चौकीतल्या शिपायाला म्हणाल्या, आधी त्याला पाणी द्या."

मी विचार करून सांगते म्हटलं. राग आहे अजून. थांब्यावर उभं राहण्याची वेळ मी बदलली ती त्याच्यापायी, आणि ती अजून पहिल्यासारखी केलेली नाही. पण ज्याच्या आईने हाताला धरून चौकीत नेलं, त्याच्यासाठी जगात कुणीतरी आहे एवढं खरं. बरं झालं. आई असावी तर अशी.

६ जून

आज मधलं पिल्लू उडालं. सावकाश लिहिते, घाई केली तर काहीतरी निसटेल.

थोरलं काल गेलं, कुणाचं लक्ष नसताना. मधलं सकाळपासून कट्ट्याच्या काठावर उभं राहून पंख मारत होतं. उचललं जायचं, घाबरून खडीला चिकटायचं. बाईसाहेब समोरच्या टोकावर शिकार घेऊन बसलेली, आणायचं नाव नाही. मास्तर म्हणाले, आता भूकच उडवेल. अकराव्या मजल्यावर आम्ही सगळे: मोठे साहेब, मावशी, पहारेकरी. खिडकीवरचा कागद आम्ही अर्धा सोडवला होता.

दुपारी पहारेकरी खाली चक्कर मारून निरोप घेऊन आला की माझ्या सासूबाई आल्यात. इतक्या वर्षांत त्या माझ्या कामाच्या ठिकाणी कधी आल्या नव्हत्या. सोबत एक माणूस. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, दाढी नुकती केलेली, हनुवटीवर कापलेलं. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं होतं, नाडी बघतात तसं, आणि सोडलं नाही. म्हणाल्या, "हे माझे एक रुग्ण. त्यांना बघायचंय. मी म्हटलं, दारातून जाऊ."

मी त्यांना पुढे जागा करून दिली. तो माझ्याकडे पाहत नव्हता. काचेजवळ गेला तेव्हा त्याचा बूट माझ्या पायावर पडला.

पिल्लू काठावर आलं. वारा वर येत होता, त्याच्या पोटाखालची उरलेली पांढरी लव थरथरत होती. त्याने खाली पाहिलं, समोर पाहिलं, आणि पाय सोडले.

ते पडलं. सरळ खाली, दिसेनासं. मावशींच्या तोंडून हुंदका आला. त्या माणसाने काचेवर हात टेकला आणि हळूच म्हणाला, "सांभाळ, बाळराजा."

मग ते वर आलं. आमच्या खिडकीसमोरूनच, वेडेवाकडे पंख मारत, पण वर. आणि मध्येच त्याला हवा सापडली. ते मारायचं थांबलं आणि नुसतं राहिलं, हवेवर, जसं काही ती त्याचीच होती आणि इतके दिवस ते फक्त तिची वाट बघत होतं. बाईसाहेब टोकावरून निघाली आणि त्याच्या बाजूने उडू लागली. दोघांनी इमारतीला एक वळसा घातला. डोळ्यांना पाणी आलं म्हणून मला शेवट नीट दिसला नाही, आणि तो न दिसल्याचं मला आत्ताही वाईट वाटत नाही.

'बाळराजा' मला त्यानंतर ऐकू आलं. म्हणजे कानांनी आधीच ऐकलं होतं. आत पोचायला एवढा वेळ लागला.

मी वळले. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, चेहरा ओला, हात बाजूला सोडलेले. सासूबाईंची बोटं अजून त्याच्या मनगटावर. पहारेकरी दोन पावलांवर होता. मी हाक मारली असती तर तो आला असता. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती. वॉर्डात मुख्य सिस्टर नव्या परिचारिकेकडे बघते तसं त्या बघत होत्या: हा रुग्ण, हा ताप, आता तुझं तू ठरव.

तो म्हणाला, "माफ करा, बाई."

मी दोन पावलं त्याच्याजवळ गेले. मग म्हटलं, "तुमच्यामुळे मी महिनाभर पाठीमागे बघत चालले. ते मी इतक्यात विसरणार नाही."

"नका विसरू," तो म्हणाला.

"पिल्लं अजून काही दिवस इथेच घिरट्या घालतील. कॅमेऱ्यात दिसणार नाहीत. खालच्या मैदानातून दिसतात."

एवढंच. त्याने मान हलवली. पहारेकरी त्याला खाली सोडून आला.

संध्याकाळी मी आणि सासूबाई थांब्यावर उभ्या होतो. त्यांनी छत्री दोन्ही हातांनी समोर टेकवली होती, आणि मला एकदम त्या सगळ्या दुपारच्या फोनपुढे त्या एकट्या बसलेल्या दिसल्या. माझ्यासाठी आलेल्या धमक्या त्यांनी एकेक करून स्वतःच्या कानात घेतल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला विचारलं होतं, जेवलास का, झोपलास का. चौकीतली ती 'आई'सुद्धा याच. मी हातभर अंतरावर उभी होते. इतकी वर्षं जवळ राहून मी या बाईकडे नीट पाहिलंच नव्हतं. कट्ट्यावर पहिल्यांदा ससाणी दिसली तेव्हा अंगावर आला होता तसा काटा आला.

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे आहे ते बोलता येईना. मी विचारलं, "आई, ते कुठल्या वॉर्डातले?"

"आपल्याच," त्या म्हणाल्या, आणि बस आली का ते बघायला रस्त्याकडे वळल्या.